स्क्रीन बघ, स्क्रीन!

प्रिय मृणालिनी,

एका पानावर पाच-सहाच ओळी मावतायत, कारण मी जाड मार्करने लिहितेय. का, ते शेवटी सांगते. आधी तू सांग, माझ्यापासून काय लपवतेयस? रविवारी कांदिवलीला तुझ्या घरून निघाल्यापासून मला तुझा संशय येतोय.

कॉलेजपासून आपलं एका गोष्टीवर कधी जमलं नाही. व्हिडिओ गेम म्हटलं की तू सोनीची, मी निन्टेंडोची. तुझ्या पीएसपीपुढे माझा डीएस म्हणजे तुला पोरांच्या खाऊचा डबा. 'स्क्रीन बघ, स्क्रीन!' करत कँटीनभर मिरवायचीस. पुढे तुझ्या सोनीने हातात धरून खेळायची ती यंत्रं बंद केली, तेव्हा मी पेढे वाटले आणि तू महिनाभर अबोला धरलास. आता सोनी पुन्हा तसलं यंत्र आणणार अशी कुजबुज आहे. मला वाटलं, दार उघडताच माझ्या उरावर बसशील. मीही भांडायच्या तयारीनेच आले होते. तर तू म्हणालीस, येऊ दे नाहीतर नको येऊ दे, तुझं निन्टेंडोच बरं आहे. मृणे, तू आणि माघार? तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मग मी एक लबाडी केली. बाथरूममध्ये जाऊन माझ्या नव्या स्विचची, म्हणजे निन्टेंडोच्या नव्या यंत्राची, भाषा जपानी केली आणि तो तुझ्या हातात ठेवला. म्हटलं, आता शिव्या घालशील. तू बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, 'झकास यार, सगळं कसं स्पष्ट दिसतं.' मी हसले खरी, पण जपानी अक्षरांबद्दल तू चकार शब्द काढला नाहीस, हे भांडुपला घरी पोचेपर्यंत डोक्यातून जाईना. एकेक आठवायला लागलं. हल्ली तू नुसते आवाजी मेसेज पाठवतेस. माझे मेसेज सपनाकडून वाचून घेतेस, चष्मा सापडत नाही म्हणून, आणि चष्मा तर तुझ्या नाकावर असतो. चहा ओतताना कप किती भरला ते कळायला आत बोट धरलंस, चटका बसला तरी काढलं नाहीस. मला आधी तुझा भयंकर राग आला. आता नुसती भीती वाटतेय गं.

फोन केला असता तर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून हे पत्र, आणि म्हणून ही बोटभर अक्षरं. स्वतःच्या डोळ्यांनी वाचत असशील तर फोन करून मला हव्या तेवढ्या शिव्या दे, मी आनंदाने ऐकेन. पण हे सपना वाचून दाखवत असेल तर, सपना बाळा, शनिवारी सकाळी आईला घाटकोपरला घेऊन ये. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवलीय. आणि मृणे, नाही म्हणू नकोस. तुझ्या सोनीचं ते यंत्र येईल तेव्हा त्याची स्क्रीन माझ्या नाकासमोर नाचवायला मला तूच हवीयस.

तुझीच भांडखोर,
सुलक्षणा