सगळ्याच चौकोनांशी जुळणारं पाणी

ती. दादा,

वाकून केलेला नमस्कार पत्रातून दिसत नाही. केला आहे असं धरून पुढे वाचावं. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींनी स्वतःची औषधं देणं थांबवलं असेल तर गेला असेल (हे वाक्य त्यांना वाचून दाखवू नये). आम्ही दोघं ठीक आहोत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्ये बोलता. पत्रात तशी सोय नाही.

तुमच्या बहिणीच्या गुडघ्याचं तुम्हाला माहीतच आहे. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की रोज कमरेएवढ्या पाण्यात चाला, नाहीतर जिना विसरा. आमच्या इमारतीच्या मागे पोहण्याचा तलाव आहे, पण तो सांभाळणारा माणूस दुसरीकडे गेल्यापासून तलावाला कुलूप होतं. शिवाय हिला पाण्याची किती भीती हे मी तुम्हाला सांगायला नको. लहानपणी विहिरीत तिला तुम्हीच ढकललं होतं. हिने एकच अट घातली. म्हणाली, ‘‘पाणी स्वच्छ आहे असं तुम्ही छातीठोकपणे सांगा, मग मी उतरते.’’ माझी सगळी नोकरी छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. तपासणी म्हटलं की माझा हात शिवशिवतो. मी सोसायटीच्या बैठकीत उभा राहिलो आणि पाणी तपासण्याचं काम मागून घेतलं. इतर कोणी मागत नव्हतं, त्यामुळे एकमताने मिळालं.

तपासणीची एक छोटी पेटी मिळते. काचेच्या दोन नळ्या, थेंब टाकायच्या दोन बाटल्या आणि रंगांच्या चौकोनांची एक पट्टी. एका थेंबाने क्लोरीन कळतं, दुसऱ्याने पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी ते. पाणी तलावात कोपरापर्यंत हात घालून घ्यावं असं पेटीवर लिहिलं होतं. मी काठावर पालथा पडून तसंच घेतलं (पहिल्या खेपेला खांद्यापर्यंत गेलो आणि नंतर पूर्ण गेलो, पण नमुना सोडला नाही). मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी नळी धरून मी पट्टीशी ताडून पाहिलं. पाणी जुळलं. मधल्या चौकोनाशी जुळलं, शेजारच्याशी जुळलं, खरं तर सगळ्याच चौकोनांशी जुळलं. मला वाटलं, आपलं पाणी फारच चांगलं आहे. हिने भांडी विसळता विसळता मान वर करून म्हटलं, ‘‘अहो, ते लालभडक झालंय.’’ मी म्हटलं, तपासणी कोण करतंय? ही काही बोलली नाही. ही बोलली नाही की मी माझं म्हणणं पटलं असं समजतो.

पण उतरायच्या दिवशी ही काठाशीच थांबली. पाणी हिरवं आहे म्हणाली. मला तर ते पाण्यासारखंच दिसत होतं. तरी अट ती अट. मी रसायनांच्या दुकानात जाऊन शेवाळ मारायचं औषध आणलं आणि मापाने ओतलं. मला काही फरक दिसेना, म्हणून आणखी ओतलं. तरी दिसेना, म्हणून बाटली उपडी केली. दोन दिवसांनी ही म्हणाली, ‘‘आता बाई निळं झालं!’’ आणि दादा, उतरली हो ती. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझी मान, अशी उतरली. आधी डोळे मिटून चालली, मग उघडून. आठवड्याभरात तिने माझी मान सोडली आणि पुढच्या आठवड्यात कठडाही. जिन्यावर माझ्या पुढे जाऊन वरून हाका मारू लागली. तिला इतकं खूश मी फार दिवसांनी पाहिलं.

आता मूळ प्रकाराकडे येतो. एके सकाळी ही आरशासमोर बराच वेळ उभी होती. ‘‘माझे केस काहीतरी वेगळे दिसतायत का हो?’’ मी नीट पाहिलं. पांढरे होते, पांढरेच होते. तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. माझ्यावर तिचा इतका विश्वास (मला स्वतःला हे नवीन होतं) की दोष आपल्या डोळ्यांचाच असं ठरवून तिने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे वेळ घेतली. तिथे बाहेर बाकावर आमच्या इमारतीतले जज्जसाहेबही बसलेले. रोज पोहतात, पांढऱ्या मिशांना फार जपतात. तेही त्याच तक्रारीसाठी आले होते. मिशांबद्दल त्यांना तोंडावर सांगायची घरात कोणाची टाप नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी हिचे डोळे तपासले आणि म्हणाल्या, ‘‘डोळे उत्तम आहेत. केस हिरवे झालेत.’’ मी म्हटलं, कुठे? त्यावर त्या माझ्याकडे वळल्या. मला खुर्चीत बसवलं आणि ठिपक्यांनी भरलेली पानं दाखवून त्यांवरचे आकडे वाचायला सांगितले. मी प्रत्येक पान चोख तपासलं. एकाही पानावर आकडा छापलेला नव्हता. छपाईची चूक म्हणून मी तसं त्यांच्या लक्षात आणून दिलं. माझ्या मागे उभी राहून ही मात्र धडाधड आकडे वाचत होती. थोडक्यात, मला लाल आणि हिरव्यातलं काहीही कळत नाही, आणि जन्मापासून कळत नव्हतं. पांढऱ्यावर काळ्याचं काम करत आलो, म्हणून कधी अडलं नाही. शेवाळाच्या त्या औषधात तांबं असतं आणि ते पांढऱ्या केसांवर बसतं, असं मागाहून दुकानदाराकडून समजलं.

घरी आलो. दाराशी कुलूप काढता काढता ही म्हणाली, ‘‘म्हणजे मी इतकी वर्षं तुम्हाला विचारून विचारून साड्यांचे रंग निवडले, तेव्हा तुम्हाला काय दिसायचं?’’ मी म्हटलं, तू दिसायचीस. हे मी काही सुचून बोललो नव्हतो, खरोखर तेवढंच दिसायचं. पण ही आत जाऊन खूप वेळ हसत होती. हसतच होती असं मी धरून चाललो, दार लावलेलं होतं.

तलावाचं अर्धं पाणी सोडून नवीन भरलं. हिने केस कापून घेतले, छान दिसतात (याला आता पुरावा म्हणून किंमत नाही). जज्जसाहेबांनी मिशा काढल्या. ते आमच्याशी बोलत नाहीत, पण पोहायला येतात. हल्ली नळी मी धरतो आणि रंग ही सांगते. कळावे.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. : तुमच्या नव्या घराच्या बाहेरच्या भिंतींसाठी तुम्ही विश्वासाने माझ्यावर सोपवलेला तो शांत, भारदस्त राखाडी रंग हिने काल नमुन्याच्या पुस्तकात पाहिला. तो गुलाबी आहे. रंगारी आला नसेल तर त्याला थांबवावं. पत्र याचसाठी लिहिलं.

ता. क. २ : पाकीट चिकटवणार तेवढ्यात वहिनींचा फोन आला, की काम पूर्ण झालं आणि येणारेजाणारे थांबून बघतात. तेव्हा वरचा ता. क. वाचू नये. रंग उठून दिसावा म्हणून मी तो मुद्दाम निवडला होता.