कट्ट्यावरच्या मावशीचा नियम सात

प्रिय धाकट्या,

तुला उदंड आयुष्य लाभो आणि त्यातली पंधरा मिनिटं हे पत्र वाचायला मिळोत. (माझं अक्षर बघून पाकीट तसंच परत धाडशील, म्हणून पत्ता खालच्या शिंप्याकडून लिहून घेतलाय. त्याचं अक्षर तुझ्याहून बरं आहे.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतोय? जिना चढताना दुखरा पाय आधी टाकू नकोस, किती वेळा सांगायचं! भावजय लेकीकडे आहे तोवर ताटात वाढून घेऊन जेव, उभ्याउभ्या पातेल्यातून खाऊ नकोस. माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे. रक्तदाब तेवढा वर असतो, पण या वयात आपलं काहीतरी वर जातंय हेच खूप. बाबा गेल्यापासून आपण बोललो नाही, त्याला परवा दोन वर्षं झाली. त्याविषयी मी अवाक्षर काढणार नाही, कारण काढलं तर तू तिसऱ्या ओळीला पत्र फाडशील. तेव्हा दुसरंच सांगते.

वाचनालयातून निवृत्त झाले तेव्हा सगळे म्हणाले, आता आराम करा. आराम हा प्रकार दोन दिवस बरा असतो, तिसऱ्या दिवशी तो अंगावर येतो. कुकरची शिट्टी झाली की मी ‘आले, आले’ म्हणायला लागले, तेव्हा ठरवलं की काहीतरी हातात घ्यायला हवं. आमच्याकडे वाचनालयात जुने नकाशे चाळायला एक नकाशेवाला यायचा. तो लढाईच्या कॉम्प्युटर गेमसाठी पूल आणि रस्ते काढून देतो. गेम कुठल्या लढाईचा, तर नदीपलीकडच्या, जिच्यात बाबा लष्कराचा ट्रक चालवायचे. गेम खेळणाऱ्यांचा ऑनलाइन गप्पांचा एक कट्टा आहे, हजारो लोक असतात तिथे, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला चार पुस्तकं वाचलेलं माणूस हवं होतं. मी म्हटलं, आयुष्यभर ‘शांतता राखा’च्या पाटीखाली बसले, हेही जमेल. बघता बघता मी कट्ट्यावरची मावशी झाले. मला रणगाडा आणि रोडरोलर यांतला फरक कळत नव्हता (अजूनही लांबून कळत नाही), पण कोणाचं लिहिणं ठेवायचं, कोणाचं पुसायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, हे माझ्या हातात आलं. इतका अधिकार मला घरात कधी नव्हता.

आता तिथे भांडण कशावरून होतं, तर विटांच्या भट्टीवरून. गेममध्ये ती भट्टी जिंकली की विटा मिळतात, विटांनी बुरूज बांधता येतो. खऱ्या लढाईत त्या भट्टीवर एकशे चाळीस माणसं रांगेत उभी करून मारली होती. हे तीन पुस्तकांत आहे, चौकशीच्या अहवालात आहे, आणि जगलेल्या दोघांच्या जबानीत आहे. पण कट्ट्यावर कोणीतरी भट्टी जिंकतो आणि लगेच कोणीतरी सुरू करतो की इथे काही घडलंच नाही. मग घडलं पण आपण नाही केलं. मग केलं पण त्यांनी आधी केलं. मग केलं, पण आकडा फुगवलाय. उंदीरमामा नावाच्या एका सभासदाने हे चारही मुद्दे एकाच दुपारी मांडले आणि एकाचा दुसऱ्याला धक्का लागू दिला नाही. अरे, वकील तरी पैसे घेऊन असं करतो! त्यासाठी मी नियम सात लिहिला. इतिहासावर हवं तेवढं भांडा, पुरावा आणा, पुस्तकाचं पान सांगा. पण मेलेला माणूस मेलाच नाही असं म्हणायचं नाही, आणि जगलेल्याला खोटारडा म्हणायचं नाही. दोनदा ताकीद, तिसऱ्यांदा कायमची बंदी.

या कामात मी एक मोठा घोळ घातला, तो तुलाच सांगते, कारण दुसरं कोणी हसणार नाही. तोंडं फार घाण झाली म्हणून मी एक शब्दांची चाळणी बसवली. एखादा नको असलेला शब्द आला की तिथे आपण दिलेला सभ्य शब्द आपोआप जाऊन बसतो. शिव्या घातल्या तिच्यात, आणि हातासरशी ‘मारलं’ काढून त्याजागी ‘झोपवलं’ घातलं. (अगं बाई, लढाईच्या गेममध्ये! पण तेव्हा सुचलं नाही.) दोन तासांत कट्टा अंगाईगीतांचा झाला. कोणी पुलावर तिघांना झोपवतोय, कोणी बॉम्ब टाकून अख्खी छावणी झोपवतोय. मी एकटीच खुर्चीत बसून पोट धरून हसले. मग पाणबुडी नावाच्या एका सभासद बाईंनी भट्टीच्या जबानीतला उतारा टाकला. त्यांचे आजोबा त्या एकशे चाळिसांत होते. पडद्यावर आलं, ‘त्यांना रांगेत उभं करून झोपवलं.’ उंदीरमामाने खाली लिहिलं, बघा, विश्रांती देत होते. माझं हसू जागच्या जागी थिजलं. आयुष्यात पुस्तकाचं एक पान फाटू दिलं नाही मी, आणि भर दुपारी माझ्याच हाताने साक्षीतला शब्द बदलून बसले. चाळणी काढली, पाणबुडीबाईंची माफी मागितली आणि त्या दिवशी जेवले नाही.

माझ्यावर सगळ्यांत जास्त रागावणारा सभासद म्हणजे ‘चौथा गिअर’. भट्टीची गोष्ट खोटी आहे, हे तो पहिल्या दिवसापासून सांगत आलाय. मी पुसलं की तो मला खाजगीत लांबलचक निरोप पाठवायचा. आधी नुसता संताप होता, मग संताप आणि हवापाणी, मग नुसतं हवापाणी. मी सरकारी थाटात ‘आम्ही आपल्या भावनांची नोंद घेतली आहे’ असं उत्तर द्यायची आणि खाली हळूच विचारायची, आज काय जेवलात? त्याच्या घरात सध्या कोणी नाही, माझ्या घरात तर नाहीच. दिवसभरात मला नावाने, म्हणजे मावशी म्हणून का होईना, हाक मारणारा तेवढा एक होता. खोटं कशाला बोलू, सकाळी दात घासायच्या आधी त्याचा निरोप बघायची मी. दोन ताकिदी देऊन झाल्या होत्या आणि तिसरी चूक त्याने करू नये म्हणून मी देवाला साकडं घातलं होतं. देवालाही नियम सात ठाऊक नसावा.

मंगळवारी त्याने पाणबुडीबाईंना लिहिलं की तुमचे आजोबा खोटे, त्यांचं नाव खोटं, असा माणूस कधी नव्हताच. बाईंनी भांडण केलं नाही. ‘आमच्याकडे त्यांचा चष्मा आहे’ एवढंच लिहून त्या कट्टा सोडून गेल्या. मी उठले, धुतलेलं पातेलं परत धुतलं, पाऊण तास गॅलरीत उभी राहिले, आणि मग येऊन चौथ्या गिअरवर कायमची बंदी घातली. आपलं माणूस म्हणून नियम वाकवला तर मग उंदीरमामाने काय पाप केलंय? पण धाकट्या, तेव्हापासून घर असं गप्प आहे की माझंच मला ऐकू येतं. मला त्याची फार आठवण येते. असो. भावजयीला आणि लेकीला आशीर्वाद कळव. पत्र फाडणार असलास तर निदान वाचून फाड.

तुझी,
थोरली

ता. क. गुडघ्याचं आणि भावजय लेकीकडे गेल्याचं हिला कोणी सांगितलं, असं पहिल्याच परिच्छेदाला तुझ्या मनात आलं असेल. तूच सांगितलंस. मावशीला. तुझी एक बहीण आहे, हट्टी आणि आगाऊ, हेही सांगितलंस, आणि मी ‘आपल्या भावनांची नोंद घेतली आहे’ असं कळवलं होतं. मंगळवारपर्यंत मलाही पत्ता नव्हता की तो तू आहेस. देवाशपथ.

ता. क. २. बंदीविरुद्ध अर्ज करायला चौदा दिवस असतात. करू नकोस, मी तो फेटाळीन. बाबांनी गोळी झाडली नाही. त्यांनी भट्टीवर ट्रक भरून नेला आणि रिकामा आणला, हे शेवटच्या आठवड्यात ते मला स्वतः म्हणाले, तू औषधं आणायला खाली गेला होतास तेव्हा. मी ते तुला सांगितलं म्हणून तू मला टाकलंस. मी मेलेल्या माणसावर आळ घेतला नाही रे. त्यांनी मला दिलेलं ओझं मला एकटीला उचलेना, म्हणून दुसरं टोक तुझ्या हातात द्यायला आले होते. रविवारी ये. त्यांचा शब्द न् शब्द सांगते. पटला नाही तर समोर बसून भांड, पुसणार नाही. आणि पाणबुडीबाईंना काय लिहायचं ते दोघं मिळून ठरवू.

ता. क. ३. तू मंगळवारी तिथेच लिहिलंस की ‘असा माणूस कोणाला मरायला नेईल, जो ट्रकच्या धुळकट काचेवर बोटाने आधी माझं आणि मग बहिणीचं नाव काढायचा?’ त्या ओळीवर तुला ओळखलं मी. तुझं सगळं पुसलं, ती ओळ तेवढी वहीत उतरवून ठेवलीय. पण इतिहासाची मोडतोड मी चालवून घेणार नाही. आधी माझं नाव काढायचे.