नकाशात नसलेली खोली

मंगळवार, संध्याकाळ

हायवेलगतच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावर इलेक्ट्रिक ट्रक-बसचं चार्जिंग स्टेशन व्हायचंय. आज इंजिनिअर नकाशा घेऊन आला. ट्रान्सफॉर्मर, चार्जर, गाड्या वळायची जागा, सगळं होतं.

"गाडी तासभर चार्ज होणार, तवा डायवर काय करणार?" मी विचारलं.

"मोबाईल बघतील की, मावशी."

"आरं, झोपतील! खोली कुठं हाय?"

तो हसला. म्हणाला, तेवढ्या जागेत आणखी एक चार्जर बसतो.

आमचे हे ट्रकवरच होते. चालवता चालवता डोळा लागला आणि गेले. डिझेल भरायला कितीसा वेळ लागतो? तेवढेच थांबले असतील.

मी उगाच ताणतेय का? थकलेय. पण नकाशावर पेन्सिलीनं चौकोन काढलाय, दोन बाजा मावतील एवढा. इंजिनिअरनं तो शाईनं गिरवला की जागेच्या करारावर सही करीन.