गुरूच्या चंद्रावरचा बर्फ

देवपूर, मंगळवार संध्याकाळ

मयुरीला बघायला आधी आली ती मुलाची मावशी, पारोळ्याची. चप्पल काढायच्या आधीच तिचं घर न्याहाळून झालं. मागून मुलाची आई आणि आजी. सुनेने मला बजावलं होतं, मयुरी कॉलेजात शिकवते एवढंच सांगा. संशोधनाची चार वर्षं बाकी आहेत कळलं तर स्थळ जाईल. मी बरं म्हटलं. पण पोहे देताना राहवलंच नाही. "माझी नात गुरूच्या चंद्रावरचा बर्फ शिकते!"

सुनेचा चेहरा उतरला. मावशी म्हणाली, "तिथं काय कुल्फी विकायची?"

मयुरीने शांतपणे सांगितलं, त्या चंद्राच्या दोन्ही टोकांना बर्फ जास्त जमतो. मुलाची आजी पुढे सरकली, "पोरी, टोकलेच काबर जमस?"

"आजी, मधल्या भागाला ऊन जास्त. तिथल्या बर्फाची वाफ होऊन उडते. थंड टोकाला गोठून पडली की मग उठत नाही."

मी म्हटलं, आपल्या फ्रीजात खाली वांगी सुकतात अन् बर्फ वरच्या खणात जमतो, तसंच ना? मयुरी हसली, "अगदी तसंच!"

किती बरं वाटलं. इतकी वर्षं तो खण खरवडते, पण ते वांग्यांचंच पाणी, हे आज कळलं. चौथीतच लग्नासाठी शाळा सुटली माझी. मयुरीचंही तसंच व्हायचं का? मी बोलले ते चुकलं का?

मुलाच्या आईने विचारलं, "अजून किती वर्षं?"

"चार. मधे सोडणार नाही."

मुलाच्या आईने मावशीकडे पाहिलं. शेवटी त्यांची आजीच उठली, "नातूले लई येसू. त्यालेबी ऐकू दे."

रविवारी नातवाला घेऊन येतो म्हणाल्या.