जप्त चाकूंच्या मुठींना तेल लावू देण्याबाबत

प्रति,
मा. सहायक पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, सावरझिरा,
ता. जाफराबाद, जि. जालना.

अर्जदार : कडूबा त्र्यंबक फदाट, वय ५९, एसटीतून निवृत्त वाहक, रा. सावरझिरा.

विषय : मुद्देमालातील माझ्या नऊ चाकूंच्या मुठींना उन्हाळा संपेपर्यंत तेल लावण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) माझी दर सोमवारची हजेरी.
२) याच विषयावर आपल्या आधीच्या साहेबांना दिलेले दोन अर्ज. उत्तर आलेले नाही.

महोदय,

आपण या ठाण्यात नुकतेच रुजू झाला आहात आणि माझी ओळख आपणांस केवळ आरोपी म्हणून झालेली आहे. म्हणून हकीकत पहिल्यापासून मांडतो, त्याबद्दल क्षमा असावी.

१) मी एसटीत वाहक होतो. नोकरीत डेपोला इतके खुलासे लिहिले की अर्जाची भाषा मला परकी नाही. कोणाला तंबाखूचे व्यसन असते, कोणाला भजनाचे. मला जुन्या घडीच्या चाकूंचे आहे. गाडी ज्या गावच्या बाजाराला थांबे तिथे मी मोडीत निघालेला एखादा चाकू शोधून आणी. जाफराबादचे धारवाले ख्वाजामियाँ तो साफ करून देत. यातला एकही खटक्याचा नाही, सगळे नखाने उघडावे लागतात. पाती करंगळीएवढी. त्यांनी आजवर पेरू, सुतळी आणि ऊस यांखेरीज कशालाही इजा केलेली नाही. एक चाकू मिटून, रुमालात गुंडाळून, कायम माझ्या खिशात असे. आता खिसा रिकामा आहे, तरी हात अजून तिकडे जातो.

२) गेल्या फेब्रुवारीत विधानसभेच्या निवडणुकीसाठी परवानाधारकांच्या बंदुका ठाण्यात जमा होत होत्या. तेव्हा आमचे पोलीस पाटील श्री. काकासाहेब लहाने माझ्या ओट्यावर येऊन बसले. काकासाहेब माझे बालमित्र. शाळेत एका पाटीवर दोघांनी लिहिले आहे. ते म्हणाले, "कडूबा, बंदुकीवाले समदे जमा करून राह्यले. तू बी तुझे चाकू आपल्या हातानं नेऊन ठेव. मंग बोट दाखवायची कोणाची बिशाद न्हाई." साहेब, खरे सांगतो, मला अभिमान वाटला. ज्या चाकूंना गाव खेळणी म्हणत होते ते बंदुकांच्या पंगतीला बसणार होते. मी प्रत्येकाला फलाटीनच्या मऊ कापडाच्या तुकड्यात गुंडाळले, बिस्किटांच्या डब्यात रचले, धुतलेला सदरा घातला आणि काकासाहेबांसोबत ठाण्यात आलो. तत्कालीन जमादार साहेबांनी चहा पाजला. टेबलावर चाकू मांडून माझा फोटो काढला. पावती म्हणून जो कागद पुढे आला त्यावर मी सही केली. खाली काकासाहेबांनी केली.

३) दोन दिवसांनी तोच फोटो पेपरात आला. वर मथळा होता की ऐन निवडणुकीत धारदार शस्त्रांचा साठा बाळगणारा इसम सावरझिरा बसस्थानकावर सापळा रचून पकडला. फोटोतला इसम हसतो आहे. सापळ्यात सापडलेला माणूस इतका प्रसन्न कसा, हे पेपरवाल्यांनाही विचारावेसे वाटले नाही. पावती म्हणजे पंचनामा होता. खबर देणारे काकासाहेब, आणि पहिले पंचही तेच. कुंपणाने शेत खाल्ल्याचे ऐकून होतो. इथे कुंपणाने शेताला हाताला धरून नेले. चाकू माझे होते, गळा मात्र केसाने कापला गेला.

४) जामीन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. भांडायला नव्हे, कारण विचारायला. माझी पत्नी चतुराबाई नको म्हणत होती, तरी गेलो. त्यांनी मान खाली घालून सांगितले ते मी शब्दाला शब्द लिहितो. "ठाण्याला इलेक्शनात एक तरी केस दाखवायची व्हती. माझ्या पाटीलकीची मुदत सरत आल्ती. तू आपला माणूस म्हणून तुझं नाव देल्लं. दुसऱ्यानं बोंब ठोकली असती."
ही बाब आपणांस कायद्याची वाटणार नाही. पण पकडले गेल्याचे दुःख मला जेवढे झाले नाही तेवढे 'आपला माणूस' या शब्दांनी झाले. आपला माणूस म्हणजे जो बोंब मारणार नाही तो, असा त्याचा अर्थ मला या वयात समजला.
या एक मे रोजी शाळेच्या मैदानावर कर्तव्यदक्षतेबद्दल काकासाहेबांना शाल व नारळ देण्यात आला. मी तिसऱ्या रांगेत होतो. सत्कार कशाचा हे ध्यानात येण्यापूर्वी सवयीने टाळ्या माझ्याही हातून वाजल्या.

५) खटला कोर्टात आहे. त्याबाबत आपणांस काही मागत नाही. निकालापर्यंत चाकू मिळणार नाहीत हे वकिलांनी सांगितले आहे व मला मान्य आहे. परंतु मुद्देमालाची खोली पत्र्याची आहे आणि हा मे महिना जालना जिल्ह्याचा आहे. शिंगाची मूठ तेलाविना तापली की वाळते, पितळी पट्टीपासून सुटते आणि मग उभी चिरते. चिरलेली मूठ सांधता येत नाही. आरोप माझ्यावर आहे. मुठींवर नाही. करिता दर सोमवारी मी हजेरीस येतोच, तेव्हा हवालदारांच्या समक्ष थोडा वेळ तेल लावू द्यावे. पाती उघडणार नाही. पाहिजे तर त्या वेळी मला बेडी घालावी, एक हात मोकळा असला तरी पुरतो.

६) मागल्या सोमवारी एक दुःखद प्रकार दृष्टीस पडला. ठाण्याच्या मागल्या ओसरीत एक शिपाई कैरी चिरत होते आणि त्यांच्या हातात माझा हाडाच्या मुठीचा चाकू होता. मुद्देमालाचे सील कसे तुटले याबद्दल माझी तक्रार नाही. कैरीबद्दलही नाही; उन्हाळ्यात कैरी खाल्ली पाहिजे. तक्रार एवढीच की चिरून झाल्यावर पाते पुसले नाही. जुने लोखंड आंबटाने काळे पडते. मी बाकावरून तसे सुचवले असता आरोपीने गप्प बसावे असे उत्तर मिळाले. पाते तसेच ओले मिटले गेले.

७) मला परवानगी देणे नियमात बसत नसल्यास हे काम ठाण्यातील कोणीही करावे. फार नाही. शिंगाला खोबरेल एकच थेंब, बोटाने, कापसाने नाही. लाकडी मुठीला जवसाचे. सांध्यात मात्र शिलाई मशीनचे तेल, कारण खोबरेल हिवाळ्यात गोठते. पितळेला चिंच लावून चमकवू नये, खिळे खाल्ले जातात. चामड्याच्या पिशवीत ठेवू नये, पितळ हिरवे पडते. हाडाची मूठ पिवळी झाली आहे ती पांढरी करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. माझ्या जामिनाला उभे राहिलेले ख्वाजामियाँ म्हणतात, "हड्डी पिवळी पडली म्हंजे उमर झाली, बिमारी न्हाई झाली." हे त्यांनी चाकूबद्दल सांगितले होते, चतुराबाई हल्ली ते मला सांगते.

८) आता नवव्या चाकूबद्दल. त्याच्या मुठीची एक बाजू काळी व दुसरी भुरी आहे. एक बाजू फुटली होती, ती ख्वाजामियाँनी दुसऱ्या म्हशीच्या शिंगाची बसवली. हा चाकू मी बाजारात घेतलेला नाही. एसटीत लागलो त्या वर्षी काकासाहेबांनी तो जत्रेतून आणून मला दिला. आपल्याकडे चाकू कोणाच्या हातात देत नाहीत, संबंध तुटतो म्हणतात. त्यांनी तो माझ्यापुढे जमिनीवर ठेवला आणि मी उचलला. तेव्हापासून बांधावर पेरू कापताना, ऊस सोलताना, तो शेकडो वेळा आमच्यात फिरला असेल. दर वेळी खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने वाकून घ्यायचा. आम्ही दोघेही असल्या गोष्टी मानणारे नव्हेत, पण हे कधी चुकवले नाही.
त्या दिवशी ठाण्यात मी बाकीचे चाकू टेबलावर मांडले. हा शेवटचा. काकासाहेबांनी हात पुढे केला, आणि मी तो त्यांच्या तळहातावर दिला. त्यांनी घेतला. मला वाटले, घाईत असतील.

तरी माझी खरी विनंती अशी. काकासाहेबांची साक्ष व्हायची आहे. हा चाकू ओळखण्यासाठी त्यांना दाखवला जाईल. तेव्हा आपल्या माणसांनी तो त्यांच्या हातात देऊ नये. खाली जमिनीवर ठेवावा आणि त्यांना वाकून उचलू द्यावा. मग हा चाकू कुठे सापडला ते विचारावे. तो उचलून ते खोटे बोलणार नाहीत, अशी माझी अजूनही समजूत आहे. समजूत चुकीची निघाल्यास आठ चाकू मला परत द्यावेत. नववा नको. त्याच्या मुठीला तेलही लावू नये.

अर्जाच्या शेवटी 'विश्वासू' लिहिण्याचा प्रघात आहे. तो शब्द सध्या लिहवत नाही, म्हणून फक्त

आपल्या ठाण्याचा सोमवारचा हजेरीदार,
(सही)
कडूबा त्र्यंबक फदाट
सावरझिरा, दि. ४ मे १९९५

सोबत :
१) खोबरेल तेलाची लहान बाटली, जवसाच्या तेलाची एक व मशीनच्या तेलाची एक.
२) फलाटीनचे धुतलेले तुकडे, नग आठ. नववा निकालानंतर देईन.
३) पेपरातील फोटोचे कात्रण. हसणारा इसम मीच आहे. चौकटीच्या कडेला माझ्या खांद्यावर एक हात दिसतो, तो काकासाहेबांचा आहे.