थंडीत ढवळलेलं तळं

प्रिय बाबा,

हे पत्र धाकटी तुम्हाला वाचून दाखवेल. धाकटे, मधलं काही गाळू नकोस. रडू आलं तर थांब, पाणी पी, पण शेवटपर्यंत वाच.

माझ्या खिडकीत काचेच्या भांड्यात कार्प माशाचं एक पिल्लू आहे. बोटाएवढंच, पण ओठांच्या कडेला चारही मिशा फुटल्यात, दोन आखूड, दोन लांब. दिवसभर तोंड नळीसारखं पुढे काढून वाळू चोखतं आणि थुंकतं. "कार्प म्हणजे आपली आत्या," तुम्ही म्हणायचात, "सगळं चाखणार, नावं ठेवणार आणि परत तेच खाणार!"

तळ्याच्या पायरीवर तुम्ही खाण्याचा डबा वाजवलात की आपल्या थोरल्या कार्पची, ढब्बीची, पितळी पाठ वर यायची. तिचे खवले मोजता मोजता मी माशांचं शिकायचं ठरवलं. पदवीचा निकाल तुम्ही आधी ढब्बीला सांगितलात, मग आईला. आई दोन दिवस फुगून बसली होती. पुढे तुम्ही राखण करत होतात त्याच तळ्यावर मी पालिकेची अधिकारी म्हणून आले, तेव्हा तुम्ही फाटकाशी मला सलाम ठोकलात, "या मॅडम!" किती हसलो होतो आपण.

गाळ थंडीत काढायचं मी ठरवलं. थंड पाण्यात प्राणवायू जास्त असतो, पुस्तकात तसंच आहे. तुम्ही म्हणालात, "थंडीत ती सगळी खोल खड्ड्यात निजतात गं, खातसुद्धा नाहीत. तो खड्डा ढवळू नकोस. निजलेल्याचं पांघरूण ओढू नये." मी चारचौघांत म्हणाले, "बाबा, हे भावनेचं काम नाही." तुम्ही जाऊन पाणी उपसायचा पंप सुरू केलात.

तिसऱ्या दिवशी खड्ड्यात गुडघाभर चिखल उरला. तो माशांच्या कल्ल्यांत बसला. तुम्ही आत उतरून एकेक मासा हातांनी उचलत होतात. ढब्बी तुमच्या कडेवर तोंड उघडमीट करत होती, मग तेही थांबलं. मी काठावर उभी होते. माझे बूट कोरडे होते.

चौकशीत साहेबांनी विचारलं, पंप कोणाच्या सांगण्यावरून लावला? माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "माझ्याच डोक्यानं." मी समोर वही उघडून बसले होते. ते मी लिहून घेतलं, बाबा. तुमच्या अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सव्वीस वर्षं सांभाळलेली फाटकाची किल्ली तुम्ही टेबलावर ठेवलीत आणि जाताना म्हणालात, "येतो, मॅडम." त्या वेळी कोणी हसलं नाही. तेव्हापासून तुम्ही मला मोठी म्हणून हाक मारलेली नाही.

काल मी साहेबांना खरं काय ते लेखी दिलं. नक्कल सोबत आहे. धाकटे, तीही वाच. माझी नोकरी बहुधा जाईल. घरातली पहिली शिकलेली म्हणून तुम्ही मला वाचवलंत, पण तुमच्या तोंडचं खोटं मीच माझ्या अक्षरात लिहिलं, ते मला झोपू देत नाही. तळं पुन्हा भरलंय म्हणे. डबा वाजवला तरी आता कोणी वर येणार नाही, हे मला कळतं. तरी रविवारी सकाळी मी पायरीवर येऊन बसेन. तुम्ही आला नाहीत, तरी दुपारपर्यंत बसेन.

तुमचीच,
मोठी