दुरुस्तीच्या व्हॅनमध्ये कुत्र्यांना आंघोळ घालण्यास हरकत

प्रति,
मा. वाहन नोंदणी अधिकारी,
वाहन फेरबदल कक्ष,
वाहन नोंदणी कार्यालय.

विषय : जड यंत्रांच्या दुरुस्तीसाठी तयार केलेल्या व्हॅनचे फिरते श्वानस्नानगृह करण्यास परवानगी न देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाबाहेर लावलेली, हरकती मागविणारी सूचना.

महोदय,

१. अर्जदार हा पोकलेन, लोडर, रोडरोलर दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. असली यंत्रे बंद पडली की जागची हलत नाहीत, मिस्त्रीलाच त्यांच्या दारी जावे लागते. त्यासाठी अर्जदार व त्याचा मेहुणा यांनी जुनी मालवाहू व्हॅन घेऊन तिचा फिरता कारखाना केला. मेहुणा म्हणजे अर्जदाराच्या पत्नीचा धाकटा भाऊ. तो अर्जदाराच्याच घरी वाढला, पाना धरायला अर्जदारापाशीच शिकला. त्या वेळी अर्जदारास लिहितावाचता येत नसल्याने गाडीचे कागद मेहुण्याच्या नावे झाले. "दाजी, नाव माझं, गाडी तुमची," असे तो म्हणाला होता. अर्जदाराने ते खरे मानले.

२. गाडीच्या आतले काम अर्जदाराने स्वतः केले. कॉम्प्रेसर पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये रबरावर बसवला, म्हणजे चढावर गाडीचे नाक उचलत नाही. गॅसच्या टाक्या उभ्या जखडल्या. कप्पे असे केले की वर उचलल्याशिवाय उघडत नाहीत. वाईस, म्हणजे काम पकडून ठेवायचा लोखंडी शिकंजा, मागच्या दारात घेतला, म्हणजे माणूस बाहेर उभा राहून काम करू शकतो. गिअरपेटी उचलायला छताला सरकती चेनपुली लावली. आमच्या धंद्यात गाडीत सुटे काही ठेवत नाहीत. उतारावर करकचून ब्रेक लागला, तर सुटा हातोडा थेट चालकाच्या मानेवर येतो. चालक मेहुणा होता. म्हणून अर्जदाराने झाडून सगळे पक्के केले आणि बोल्टच्या डोक्यांवरही वेल्डिंगचा टाका मारला.

३. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे अर्जदार अंथरुणावर असताना मेहुण्याने धंदा बदलला. कॉम्प्रेसरच्या हवेने कुत्री वाळवली जातात. थोराड कुत्र्यांना पट्ट्यात घालून चेनपुलीने टबात सोडतात. अर्जदार काठी टेकीत पहिल्यांदा जिना उतरला, तेव्हा व्हॅनला गुलाबी रंग दिलेला होता आणि दारावर फेसाने माखलेला कुत्रा दात काढून हसत होता. घरी येऊन विचारले, तेव्हा पत्नी म्हणाली, "मला ठाऊक होतं. तो म्हणाला, दाजींना बरं वाटलं की सांगतो. तुम्हाला बरं वाटेना नि त्याला धीर होईना. मी मधल्या मध्ये काय करू?" पत्नीविरुद्ध अर्जदाराची या कार्यालयाकडे तक्रार नाही. त्या दिवसापासून घरात बोलणे मात्र कामापुरतेच आहे.

४. आपल्या कक्षातील लिपिकांनी अर्जदारास बसायला खुर्ची देऊन नियम समजावला : "आजोबा, गाडीला जे पक्कं जोडलंय ते गाडीचं, आणि गाडी ज्याच्या नावे त्याचं. सुटं ठेवलं असतंत तर तुमचं म्हणता आलं असतं." म्हणजे अर्जदाराने काम ढिसाळ केले असते, तर आज त्याच्या पदरात काही पडले असते. मेहुण्याची मान वाचावी म्हणून मारलेल्या टाक्यांनी अर्जदाराचेच हात बांधले.

५. याउपर कहर असा की, तो वाईस कोणालाच निघेना. मेहुण्याने बोलावलेले कारागीर हात टेकून परत गेले. मग बहिणीमार्फत निरोप आला : "ताई, दाजींना म्हणावं, येऊन तेवढा वाईस काढून द्या. चढता-उतरता कुत्र्यांच्या अंगाला लागतो."

६. पक्के जोडलेले ते गाडीचेच, हा नियम कायम ठेवायचा असेल, तर अर्जदाराचीही नोंद त्याच यादीत व्हावी. उमेदीची सगळी वर्षे तो त्या गाडीला जखडलेला आहे, आणि त्यालाही तिथून उपटणे सोपे नाही. गाडी जाईल तिथे त्यालाही न्यावे लागेल, टबाशेजारी जागा द्यावी लागेल. कुत्र्यांशी अर्जदाराचे वैर नाही. परवा गाडीतल्या, अर्जदाराच्या कामाच्या बाकावर एक भुरे कुत्रे ओले होऊन बसले होते. त्याने अर्जदाराकडे सरळ पाहिले. मेहुणा मात्र पुढच्या बाजूने उतरून गल्लीत शिरला.

७. गाडीशिवाय अर्जदाराला धंदा नाही, हे खरे. तरी आता एकच मागणे आहे. सुनावणीस मेहुण्याने जातीने हजर राहावे. बहीण, वकील, निरोप यांपैकी काही चालवून घेऊ नये. त्याने अर्जदारासमोर उभे राहून, डोळ्याला डोळा देऊन, "हे मी केलं," एवढे म्हणावे. त्याने तसे म्हटल्यास अर्जदार तिथल्या तिथे हरकत मागे घेईल, आणि टाके तोडून वाईसही स्वतःच्या हाताने काढून देईल. त्याला तसे म्हणता आले नाही, तर परवानगी नाकारावी. आणि तो आलाच नाही, तर सुनावणी पुढे ढकलावी. तो येईल तोवर ढकलत राहावी. अर्जदार प्रत्येक तारखेला येऊन बसेल.

कळावे. निकाल जो होईल तो अर्जदारास टपालाने कळवावा, मेहुण्याच्या हाती देऊ नये.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार मिस्त्री

दिनांक : हरकतीच्या मुदतीचा अखेरचा दिवस

सोबत : १) व्हॅनच्या आतील भागाचे जुने छायाचित्र. वाईसपाशी उभा असलेला तरुण हा मेहुणा.
२) व्हॅनचे हल्लीचे छायाचित्र, फक्त बाहेरून. आत जाववले नाही.